नवऱ्याने वाढवलेला पगार

आमच्या घरात दोन सिस्टर आहेत. थोरली माझी जाऊ, धाकटी मी. शहापूरच्या जवळ सापगावात आमचं घर. गावात कुणाला इंजेक्शन घ्यायचं असो, टाके काढायचे असोत, माणसं सरळ आमच्या ओट्यावर येतात आणि आधी विचारतात, "मोठी सिस्टर हाय का?" ती घरात नसली तर मग नाइलाजाने दंड माझ्यापुढे करतात. शिक्षण आम्ही दोघींनी एकच घेतलंय, एकाच संस्थेत, तीन वर्षांच्या अंतराने. तिला पट्टी बांधायला ज्या बाईंनी शिकवलं त्यांनीच मलाही शिकवलं. ती मुरबाड बाजूला सरकारी दवाखान्यात आहे आणि मी शहापुरात एका खाजगी हॉस्पिटलात. सुई तीच, सलाईन तेच, रात्रपाळीला सुजणारे पायही तेच.

पगार तेवढा तो नाही. माझ्यासारखे चार पगार एकत्र केले की तिचा एक होतो. आज हे सरळ सांगते आहे, पण सात वर्षं हे वाक्य मी या घरात तोंडातून काढलं नव्हतं. का काढलं नव्हतं तेच सांगायला बसले आहे, आणि सांगताना माझा पारा चढला तर चढू दे.

आधी सासूबाईंच्या ब्लडप्रेशरचं सांगते, म्हणजे आमच्या घरची तऱ्हा कळेल. सकाळी मी त्यांचं बीपी बघते. एकशे चाळीस आहे म्हटलं की त्या नुसती मान हलवतात. संध्याकाळी थोरली मुरबाडच्या एसटीतून उतरून घरात पाऊल टाकते न टाकते तोच त्या बाही वर करून तयार असतात. "जरा बघ गो. सकाळी हिनं बघितलाय." मशीन तेच, घरातलंच, माझ्याच कपाटातलं. थोरलीनेही एकशे चाळीस सांगितलं की मग त्या रात्रीच्या जेवणात लोणचं घेत नाहीत. मला याचा राग यायचा, हसूही यायचं. थोरली बिचारी म्हणायची, "अवो आई, ती पण नर्सच हाय." सासूबाई म्हणायच्या, "हाय ना. मी कुठं नाय म्हणते?"

थोरली बरीच वर्षं सरकारातच कंत्राटावर होती. मग सात वर्षांपूर्वी तिची कायमची ऑर्डर आली. सासूबाईंनी तो कागद देव्हाऱ्यापुढे ठेवून हळद-कुंकू वाहिलं आणि येईल त्याला पेढा द्यायला सुरुवात केली. ओट्यावर पाच-सहा माणसं बसलेली, मी पाणी देत होते. शेजारच्या काकींनी पेढा तोंडात असतानाच विचारलं, "आन धाकटीला किती मिळतात?"

मी समोर तांब्या घेऊन उभी. पण आमच्यात सुनेचा पगार सुनेला विचारत नाहीत. काकींनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं, सासूबाईंनीही त्याच्याकडेच बघितलं. नवरा म्हणाला, "अठरा."

तेव्हा मला अकरा हजार मिळायचे.

खोलीत गेल्यावर मी त्याला धरला. वरचे सात हजार कुठून आणले, विचारलं. तो म्हणाला, "चारचौघांत अकरा कसं सांगू? दादाची बायको एवढी कायम झाली, आन आपण अकरा?" मी म्हटलं, मला विचारायचं होतंत, मी सांगितलं असतं. तो म्हणाला, "तू खरं सांगितलं असतंस म्हणूनच मी बोललो." आता या माणसाला काय म्हणायचं? तो स्वतः मुरबाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे, आणि स्वतःचा पगारसुद्धा चार हजार वर घालूनच सांगतो. आमच्या गावात खाजगीत काम करणाऱ्याचा खरा पगार त्याच्या आईलाही ठाऊक नसतो. सरकारी पगार मात्र सगळ्यांना तोंडपाठ. महागाई भत्ता वाढला की थोरलीच्या आधी काकींना कळतं.

चिडले मी, पण खरं सांगायचं तर ओट्यावर 'अठरा' ऐकताना मला बरंही वाटलं होतं. काकींनी भुवया वर केल्या होत्या. मला वाटलं, असू दे, एक दिवसाचं तर आहे.

एक दिवसाचं कसलं? त्याच महिन्यात घरखर्चाची वाटणी नव्याने झाली. थोरलीने पंधरा द्यायचे, मी सात. अठरातून सात गेले तर काय मोठंसं, असं सगळ्यांनाच वाटलं. अकरातून सात गेले की उरलेल्या चारात माझं येणं-जाणं, मुलीची फी, तिची औषधं, माहेरी काही न्यायचं झालं तर तेही. नवऱ्याचा सगळा पगार घराच्या हप्त्यात जायचा. दिवाळीला आम्ही दोघी शहापूरच्या बाजारात साड्या घ्यायला जायचो. मी सगळ्यात खालच्या गठ्ठ्यात हात घालायची, आणि थोरली दुकानदाराला हसत हसत म्हणायची, "आमची धाकटी चिकट हाय हो, पैसा सोडत नाय." मीही हसायची. मनात शिव्या देत वरून हसणं जमतं, थोडा सराव लागतो.

सात वर्षांत हॉस्पिटलने माझे दोन हजार वाढवले, तेरा झाले. नवऱ्याने चार वाढवले, बावीस झाले. दोनेक वर्षांनी कुणीतरी ओट्यावर विचारायचं आणि तो तिथल्या तिथे बसून मला बढती द्यायचा. एकदा तर काकी मला म्हणाल्या, "तुझे मालक चांगले हायत गो, न मागता वाढवतात." मी म्हटलं, हो, फार दिलदार आहेत.

थोरलीवर माझा राग होता, तो नाकारत नाही. पण तिचं काम मी बघितलंय. माझी मुलगी तिच्याच दवाखान्यात झाली, फुकटात, आणि कळा येत होत्या तेव्हा तिने माझा हात सोडला नव्हता. तिची स्वतःची दोन्ही मुलं कल्याणला खाजगीत झाली. सरकारी नोकरीवाली खाजगीत जाते आणि खाजगीतली सरकारीत येते, यात काही वावगं आहे असं आम्हाला कुणाला कधी वाटलं नाही. ज्याला जे परवडतं ते तो करतो. तिच्याकडे बाजाराच्या दिवशी रांग फाटकाबाहेर जाते. साप चावलेल्या माणसाला पाड्यावरून मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणतात, आणि नातेवाईक पहिली शिवी समोर दिसेल त्या नर्सला घालतात. ती काही फुकटचा पगार घेत नाही. आज मला वाटतं, तिला मिळतं तेवढं कुठल्याही नर्सला मिळायलाच हवं, चुकतंय ते माझ्या पगारात चुकतंय. पण ही अक्कल मला उशिरा आली. तोवर तिच्या भत्त्याची बातमी आली की मी संध्याकाळी भांडी जरा जोरातच घासायची.

पगारापेक्षाही मला टोचायची ती रजा. लग्न, बारसं, भातकापणी, पाहुणे, घरात कुणीतरी थांबायचं असलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. "तुझं काय, खाजगीच हाय." वास्तविक थोरलीची रजा भरपगारी. घेतली नाही तर साठते, आणि निवृत्त होताना तिचे पैसे मिळतात. मी एक दिवस घरी राहिले तर त्या दिवसाचा पगार कापला जातो, वर मॅनेजर मॅडमचं तोंड बघावं लागतं ते वेगळं. म्हणजे जिला फुकट थांबता येतं ती कामावर, आणि जिचे पैसे जातात ती घरात. पण जिचा पगार मोठा तिचा दिवसही मोठा, असं घरातल्या सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मीही थांबत गेले.

गेल्या कार्तिकात सासूबाई खळ्यावर पडल्या. भात झोडून झालं होतं. त्या पेंढा उचलायला गेल्या, पाय सरकला आणि खुबा मोडला. कल्याणला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तीन महिने एक माणूस पूर्ण वेळ लागेल. कूस वळवायची, व्यायाम करून घ्यायचा, मग वॉकर देऊन उभं करायचं. हे झालं नाही तर बाई कायमची खाटेवर जाईल.

त्या संध्याकाळी घरात बसून ठरलं. ठरलं म्हणजे मी चहा गाळत होते तोवर ठरून गेलं होतं. मोठे दीर म्हणाले, "धाकटीनं थांबावं. नर्स पण हाय, घरातली पण हाय." नर्स थोरलीही होती, आणि घरातलीच होती. हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं ते एवढंच, "माझी नोकरी जाईल." आमच्याकडे तीन महिने रजा असा प्रकारच नाही. तीन महिने आला नाहीत तर पुन्हा येऊ नका, इतकं सरळ. नवरा म्हणाला, "मिळंल गो दुसरी."

मग थोरली बोलली. "तिचं नुकसान नको. तिचा पगार मी देते. बावीस ना? एक तारखेला हातात."

नवऱ्याची मान खाली गेली. सगळ्यांना वाटलं, वहिनीच्या मोठ्या मनाने त्याला भरून आलं. मी कपबशा मांडत राहिले. तोंड उघडायची वेळ तीच होती आणि मी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जाऊन राजीनाम्यावर सही करून आले.

एक तारखेला पाकीट आलं. एवढे पैसे एका वेळी माझ्या हातात कधी आले नव्हते. पहिल्यांदा खरंच आनंद झाला, लपवत नाही. मग बसून हिशोब केला. माझे तेरा मी ठेवले आणि वरचे नऊ काढून मुलीच्या जुन्या दप्तरात टाकले. ते खर्च करायचा धीर झाला नाही. पुढच्या दोन महिन्यांतही तेच केलं.

काम मात्र मी असं केलं की कुठल्याही हॉस्पिटलात कुणी करून दाखवावं. दर दोन तासांनी कूस. पाठीवर एक फोड येऊ दिला नाही. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटात रोजचं इंजेक्शन, पायांचे व्यायाम, जेवणात काय असावं काय नसावं. मग पलंगापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. सासूबाई शिव्या द्यायच्या, मीही ऐकून घेणारी नव्हे.

"उठा आई."

"मेले, जीव घेशील माझा."

"घेते. आधी उजवा पाय टाका."

दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर काकी त्यांना बघायला आल्या. मी मागे मोरीत भांडं धूत होते, कुठलं भांडं ते सांगायला नको. खिडकीतून आवाज येत होता. काकी म्हणाल्या, "धाकटी करते हो तुमचं, नशीबवान हाव." सासूबाई म्हणाल्या, "करील नायतर काय? मोठीनं ठेवलीय तिला माझ्यासाठी. बावीस हजार देते."

ठेवलीय. कामाला बाई ठेवतात तशी. मला असं झालं की ते भांडं तसंच उचलून पुढच्या दारी जावं. गेले नाही. तिथेच उकिडवी बसून रडले, रागाने रडले. आधी सासूचा राग आला, मग पैसे देणारीचा, मग 'अठरा' म्हणणाऱ्याचा. पण म्हातारी खोटं कुठे बोलत होती? पाकीट मी घेतलं होतं. तोंड धुतलं आणि त्यांना दुपारच्या व्यायामाला उठवलं.

पौष संपत आला तसं सासूबाई वॉकर घेऊन एकट्या ओट्यावर जाऊन बसायला लागल्या. मी हॉस्पिटलात विचारायला गेले. मॅनेजर मॅडम गोड बोलल्या. जागा आहे, या, पण नवीन म्हणून धरावं लागेल. म्हणजे दहा. तेरा व्हायला सात वर्षं लागली होती, ती तीन महिन्यांत पुसून टाकली. "सांगते," म्हणून मी निघाले. वॉर्डातून जाताना एक नवी मुलगी म्हाताऱ्या बाईच्या हातावर शीर शोधून शोधून रडकुंडीला आली होती. मी हात धुतले, सलाईन लावून दिलं. लावताना जाणवलं की हे काम माझं आहे, दहा मिळोत नाहीतर आठ, मला परत यायचंय.

रात्री जेवताना मी तसं सांगितलं. थोरली म्हणाली, "कशाला गो धावपळ? आईंचं अजून महिना-दोन महिने बघावंच लागंल. तिथं पण बावीस, इथं पण बावीस. इथंच रा की."

नवरा म्हणाला, "वहिनी बरोबर बोलतात."

तो गप्प बसला असता तर कदाचित मीही बसले असते. हातातली भाकरी ताटात ठेवली.

"तिथं बावीस नाय ताई. तेरा होते. तुमी कायम झालात तेव्हा अकरा होते. अठरा आन बावीस यांनी वाढवले. आता गेले तर दहा देणार हायत."

दीर जेवायचे थांबले. पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "मग आता माझं कोण करील?" थोरली माझ्या नवऱ्याकडे बघत होती, आणि तो वरणात बोट फिरवत होता.

"आन तू घरात सात देत होतीस?" तिने मला विचारलं.

"हो."

"अकरातले?"

"हो."

मी उठून दप्तर आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, यातले पैसे तुमचे, महिन्याला नऊ जास्तीचे होते. तिने हात लावला नाही. अर्धी भाकरी ताटात टाकून हात धुवायला गेली.

त्या रात्री नवरा खोलीत म्हणाला, "चारचौघांत इज्जत घालवलीस." मी म्हटलं, "चौघं घरचीच होती. आन तुमच्या इज्जतीचा हप्ता सात वर्षं मी भरलाय, पुढचा तुमी भरा." तो भिंतीकडे तोंड करून झोपला. वाईट माणूस नाही तो. भावापुढे लहान दिसायला घाबरतो, एवढंच. पण त्याच्या त्या भीतीवर मी माझ्या पोरीच्या तोंडचं काढून घालत होते, हे आठवलं की आजही मला त्याचा राग येतो.

रविवारी मी मागच्या अंगणात चादरी धूत होते. थोरली आली. काही न बोलता चादरीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघी पिळायला लागलो.

"किती वेळा चिकट बोलले मी तुला," ती म्हणाली.

मी चादरीला आणखी एक पीळ दिला.

"माझी रजा किती शिल्लक हाय, ठाऊक हाय?"

"नाय."

"दोनशे दिवसांच्या वर."

दोनशे दिवस. सासूबाईंना लागले होते नव्वद. एकही पैसा न कापला जाता ती घरी बसू शकत होती, आणि माझी नोकरी माझ्याकडे राहिली असती. विचारलं, "मग तेव्हा का नाय घेतलीत?"

"साठवत होते. रिटायर होताना पैसे मिळतात." मग तिने चादर खाली केली. "ते पण खरं नाय गो. रजेचा विचारच मनात आला नाय. तू होतीस ना. तुझी नोकरी मला कधी नोकरीच वाटली नाय."

हे तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. मला वाटलं होतं, असलं काही ऐकलं तर मी फाडून खाईन समोरच्याला. पण मला राजीनाम्यावरची माझी सही आठवली. घरातल्या कुणीही माझा हात धरून ती करून घेतली नव्हती.

"मला तरी कुठं वाटली, ताई," मी म्हटलं. "वाटली असती तर चहा गाळता गाळता सोडली असती का?"

थोरलीने चादर दोरीवर टाकली, पदराला हात पुसले आणि आत जाऊन दोन महिन्यांच्या रजेचा अर्ज लिहायला बसली. सोमवारी सकाळी सात वाजता मी दहा हजारांवर कामाला लागले.